पुंगळी कुठे पडते

उस्ताद, माझ्या उजव्या भुवईच्या वर एक बारीक डाग आहे. कोणी विचारलं की मी सांगते, लहानपणी चुलीपाशी भाजलं. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, कारण तो डाग पडला तेव्हा तुम्ही माझ्यापासून चार पावलांवर उभे होतात आणि हसत होतात. पिस्तुलातून उडालेली रिकामी पुंगळी उजवीकडे पडायची सोडून सरळ माझ्या कपाळावर आली होती, चांगली तापलेली. मी किंचाळले, साहेब वैतागले, आणि तुम्ही म्हणालात, "एक टिकली घरून लावून आलीस ना? ही दुसरी सरकारी हाय." रांगेतली पोरं खो खो हसली. मला तुमचा इतका राग आला की दुपारचा चहा मी तुमच्याकडे पाठ करून प्यायले. पाठ केली तरी कान तुमच्याकडेच होते, कारण तेव्हा त्या रेंजवर हत्याराबद्दल खरं बोलणारा माणूस एकच होता.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. माहेर कडावचं, भातशेतीवाल्यांचं. लग्न होऊन पोशीरला गेले त्याला दोन महिने झाले होते आणि पोलिसात शिपाई म्हणून लागले त्याला दीड वर्ष. सशस्त्र पथकात एका बाईसाठी जागा निघाली होती आणि ती मला हवी होती. का हवी होती हे मी कुणाला धड सांगू शकले नसते. टेलिफोनपाशी बसून "साहेब राउंडला गेलेत" एवढं सांगण्यात आपला जन्म जाणार, ही धास्ती होती एवढं खरं. जागेसाठी फायरिंगची परीक्षा होती. नऊ एमएमचं पिस्तूल, दहा गोळ्या, आणि चौक गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मातीचा बांध घातलेली आपली ती रेंज. दहांपैकी चार वेळा माझं पिस्तूल अडलं. तुमच्या शब्दांत, रोक आली. गोळी सुटायची, पण मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे येताना पुंगळीला अर्ध्यावरच पकडायची. मग ती पुंगळी खिडकीतून डोकं काढून बघणाऱ्या शेजारणीसारखी तिथे उभी राहायची, आणि पुढची गोळी काही वर चढायची नाही. साहेब म्हणाले, पुढच्या शुक्रवारी एक संधी अजून, तेव्हाही असंच झालं तर जागा दुसरीला. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच खालच्या आवाजात म्हणाले, "बायकांच्या हातात जोर कमी, त्याला आपण काय करणार."

त्यावर सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणी म्हणालं पिस्तूल बदला. बदललं, तर दुसऱ्यातही तेच झालं. कोणी म्हणालं तेल जास्त झालंय, कोणी म्हणालं कमी झालंय. एक जण तर म्हणाला, वहिनी, नवीन लग्न आहे, कशाला दगदग. शस्त्रागार सांभाळणारे तुम्ही मात्र पुंगळ्या वेचत होतात. जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या पुंगळ्या परत दिल्याशिवाय चहा नाही, ही आपल्या खात्याची रीत, आणि तिचा आम्हाला मनस्वी कंटाळा. एक कमी भरली की सगळी तुकडी गवतात गुडघे टेकून. एकदा अर्धा तास शोधल्यावर ती साहेबांच्याच पँटच्या दुमडीत निघाली, तेव्हा तुम्ही ती अशी अदबीने काढून घेतलीत, की हसू दाबता दाबता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही पुंगळ्या मुठीमुठीने गोळा करायचो. तुम्ही प्रत्येक पुंगळी उचलण्याआधी ती कुठे पडली आहे ते क्षणभर बघायचात. मला वाटायचं, उस्तादांचे गुडघे दुखतात म्हणून थांबत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला एकटीला बोलावलंत. येताना घरून एक जुनी पांढरी चादर आणली होतीत. ती माझ्या उजव्या हाताला गवतावर पसरलीत, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवलेत. "आज टार्गेट बघायचं नाय," तुम्ही म्हणालात. "गोळी कुठं जाते ते साहेब बघतील. पुंगळी कुठं पडते ते आपण बघू." आधी तुम्ही स्वतः पाच गोळ्या झाडल्यात, माझंच पिस्तूल, त्याच पेटीतली काडतुसं. पाचही पुंगळ्या चादरीवर पडल्या, प्रत्येकीच्या जागी तुम्ही कोळशाने खूण केलीत, पण कपाळाला आठ्या घातल्यात, कारण त्या तुमच्या नेहमीच्या जागेपेक्षा बऱ्याच अलीकडे पडल्या होत्या. मग मी झाडल्या. दोन अडल्या, दोन माझ्या पायाशी पडल्या आणि एक खांद्यावरून मागे गेली. मग तुम्ही दुसरी पेटी फोडलीत, नवीन आलेली. तुमच्या पुंगळ्या चादरीच्या पार पलीकडच्या काठावर. माझ्या पुंगळ्या पायापासून हातभर अंतरावर, आणि पाचांत एकच अडली. मी घाईने म्हणाले, म्हणजे काडतुसंच खराब! तुम्ही हात वर केलात. "थांब गं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणूस बदलला, मंग काडतूस बदललं. दोनी वेळेला फरक पडला. म्हंजे दोघं बी गुन्हेगार."

मग तुम्ही मला जे समजावलंत ते मी आज नव्या पोरांना तसंच्या तसं सांगते. पिस्तूल गोळीच्या झटक्यावर चालतं. झटका स्लाइडला मागे ढकलतो, आणि स्लाइड पूर्ण मागे गेली तरच पुंगळीला बाहेर फेकते. पण त्यासाठी खालचं पिस्तूल जागच्या जागी राहायला हवं. "दार जोरात लोटलं नि चौकटच मागं सरकली, तर दार आपटंल का?" तुम्ही विचारलंत. मनगट सैल असलं की अख्खं पिस्तूल झटक्याबरोबर मागे जातं आणि स्लाइडला हवी तेवढी वाट मिळत नाही. काडतूस जुनं, दमट, म्हणून झटकाच कमी असला, तरी परिणाम तोच. कडक हात जुनं काडतूस चालवून नेतो आणि नवं काडतूस सैल हाताला सांभाळून घेतं, पण सैल हात आणि जुनं काडतूस एकत्र आले की पुंगळी अडलीच म्हणून समजा. मी मान डोलावली. तुम्ही माझ्या मनगटाकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "कडावची पोर तू. भाताचा भारा बांधताना बंद आवळतीस, तवा मनगट असंच सोडतीस?" मी म्हणाले, नाही. "मंग हितं का सोडतीस?"

तुम्ही मला बाही वर करायला सांगितलंत. बाहीच्या आत, कोपराच्या थोडं खाली, रुमालात करकचून बांधलेला माझा हिरवा चुडा. गणवेशात काचेच्या बांगड्या चालत नाहीत, म्हणून मी त्या रोज सकाळी वर चढवून, वाजू नयेत म्हणून रुमाल बांधून यायची. सासूबाईंनी बजावलं होतं, वर्षभर चुडा वाढू द्यायचा नाही. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. त्या काचेत त्यांचा जीव होता, आणि मला त्यांना हसता येत नव्हतं. पण पिस्तूल घट्ट धरलं की हाताचा स्नायू फुगतो. पहिल्याच गोळीला मला काच कुरकुरल्यासारखी वाटली, आणि तेव्हापासून गोळी सुटायच्या क्षणी मी मनगट सोडून देत होते. नकळत, असं मी तुम्हाला तेव्हा सांगितलं. पूर्ण नकळत नव्हतं, उस्ताद.

तुम्ही रागावलात. मी तुम्हाला रागावलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं बांगड्यांवरून रागावलात, पण ते तसं नव्हतं. "साहेबापासून लपव. नवऱ्यापासून लपव. माज्यापासून लपव, माजं काय जातंय," तुम्ही म्हणालात. "हत्यारापासून लपवायचं नाय. त्याला सगळं कळतंय, नि ते भर गर्दीत सांगतंय." मला रडू यायला लागलं आणि तुम्ही लगेच चादरीची घडी घालायला घेतलीत. दगड बाजूला करता करता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "चल, घरी चल. हे काम माजं नाय, तुज्या चाचीचं."

लोधिवलीला तुमच्या स्वयंपाकघरात मी त्या दिवशी पहिल्यांदा आले. चाची तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या टाकत होत्या. तुम्ही दारातूनच दोन वाक्यांत सगळं सांगितलंत आणि अंगणात निघून गेलात. चाचींनी हात धुतले, खोबरेल आणलं, माझ्या पंजावर दुधाची रिकामी पिशवी चढवली आणि एकेक बांगडी त्यावरून अशी सरकवून काढली, की माझा श्वास रोखलेला आणि त्या मात्र माझ्या माहेरची चौकशी करत होत्या. उजव्या हातातल्या सगळ्या काढल्या. डाव्या हातात दोन राहू दिल्या. "हात मोकळा नको करू गं, सासूनं सांगितलंय ना," त्या म्हणाल्या. काढलेल्या बांगड्या त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. मग मला पाटावर बसवून गरम भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्या आठवड्यात रोज सकाळी मी तुमच्याकडे येऊन चुडा उतरवला आणि रोज संध्याकाळी चाचींनी तो परत भरला. एकही बांगडी वाढली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, तुझ्या हाताला हल्ली तेलाचा वास येतो. मी म्हटलं, पिस्तुलाचं तेल. खोबरेलाचा वास न ओळखणारी बाई कोकणात कुठली असायला? पण त्या हसल्या आणि विषय तिथेच सोडला.

आठवडाभर तुम्ही मला गोळी दिली नाहीत. रिकामं पिस्तूल, आणि पकड. पंजा मुठीवर जितका वर जाईल तितका वर, अंगठ्याच्या बेचक्यात मागची बाजू घट्ट बसलेली. डावा हात उजव्याला बाहेरून मिठी मारणारा. मनगट कुलूप लावल्यासारखं, पण बोट मोकळं. दाबू नको, धर, असं म्हणायचात, आणि मी म्हणायची दोन्ही एकच आहे. नव्हतं. चौथ्या दिवशी हात आपोआप बसला आणि तुम्ही माझ्या पिस्तुलाची नळी धरून मागे ढकलून बघितलीत. मी हलले, पिस्तूल हातात हललं नाही. तुम्ही फक्त "हां" म्हणालात. त्या "हां"वर मी घरापर्यंत गाणं म्हणत गेले.

शुक्रवारी दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. साहेबांनी कागदावर पास लिहिलं. पण तुमचं समाधान झालं नव्हतं. सगळे पांगल्यावर तुम्ही जुन्या पेटीतल्या पाच गोळ्या माझ्या हातावर ठेवल्यात आणि चादर पसरलीत. पाचही सुटल्या. पुंगळ्या चादरीवर पडल्या, अलीकडे, पण पडल्या. "बघ," तुम्ही म्हणालात, "आता तुला काडतुसावर आळ घ्यायची गरज नाय." मला जागा मिळाल्याच्या आनंदापेक्षा तो आनंद मोठा होता, आणि तो मी त्यानंतर कधी विसरले नाही.

आळ घेतलात तो तुम्ही, स्वतःवर. साहेबांना लेखी कारण हवं होतं, पहिल्या दिवशी एवढ्या वेळा पिस्तूल का अडलं. तुम्ही लिहिलंत की जुन्या पेटीतली काडतुसं कमजोर होती, वाटण्यापूर्वी प्रत्येक पेटीतल्या पाच गोळ्या झाडून बघायच्या असतात त्या बघितल्या नाहीत, आणि जबाबदारी आपली. मला माहीत होतं त्या का बघितल्या नाहीत. परीक्षेआधी पेट्या वाटल्या त्या आठवड्यात तुमच्या मुलीचं लग्न होतं. मी म्हणाले, उस्ताद, माझा हातही सैल होता ना, अर्धा दोष माझा. तुम्ही कागदाची घडी घातलीत. "लिवलंय ते सगळं खरं हाय. जे नाय लिवलं ते आपल्या दोघांच्या मधी. तुजा हात सैल होता असं एकदा लिवलं, की जल्मभर तुज्या नावामागं तेच. काडतुसाला काय, अब्रू नाय." तुम्हाला प्रतिकूल शेरा मिळाला. शस्त्रागाराची किल्ली काढून घेतली आणि नोकरीचं शेवटचं वर्ष तुम्ही गेटवर काढलंत. ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून कुठली स्प्रिंग मऊ झाली ते ओळखावं, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर उतरवले. मी रोज त्या गेटमधून पथकाच्या गाडीत बसून जायची, आणि तुम्ही मला सलाम ठोकायचात. मी म्हणायची, उस्ताद, लाजवू नका. तुम्ही म्हणायचात, हात बघतोय गं, खिडकीवर कसा ठेवलायस ते.

निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी भरभरून बोलले. तुमची शिस्त, तुमची माया, तुमची चादर, सगळ्याबद्दल बोलले. त्या कागदाबद्दल बोलले नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या दफनाला आम्हा बायकांना जायचं नसतं, म्हणून मी चाचींजवळ बसले होते. निघताना त्यांनी ती चादर माझ्या हातात दिली, म्हणाल्या, घरात पसरायला काढली तर मला हेच दिसतात. चादरीवर अजून कोळशाच्या खुणा आहेत, माझ्या पायाजवळच्या, आणि दूरच्या, तुमच्या. मला जे काही मिळालं, हे काम, हा पट्टा, चारचौघांत मान वर करून बोलायची हिंमत, ते तुमच्यामुळे मिळालं. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, आणि "लाजवू नका" एवढंच सांगत राहिले.

आता शस्त्रागाराची किल्ली माझ्याकडे आहे आणि पोरं मला उस्ताद म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. आज सकाळी वार्षिक फायरिंगला खालापूरकडची एक शिपाई मुलगी होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतून तिला महिना झालाय. तिचं पिस्तूल तीनदा अडलं. मी चादर पसरली. तिच्या पुंगळ्या पायाशी पडत होत्या. मी झाडल्या, तर माझ्याही अलीकडे पडल्या. पेटी जुनी होती. नवीन माल आला तेव्हा आधी जुनं संपवू म्हणून मीच ती पुढे काढली होती, आणि झाडून बघितली नव्हती. माझ्या घरी लग्न वगैरे काही नव्हतं. नुसता आळस. मी तिला म्हटलं, हात दाखव. ती म्हणाली, "काय नाय झालंय मॅडम, बरा हाय हात." अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळाला उचलून उचलून मनगट धरलंय, आणि सांगितलं तर पथकातून नाव कमी होईल म्हणून दुखणं अंगावर काढतेय. हात सैल असा शेरा गेला तर तिचं नाव जाईलच. इकडे या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. चाचींना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण त्या डोळे पुसतील आणि मला भाकरी वाढतील, आणि आज मला ती नको आहे. अडल्याचं कारण म्हणून नोंदवहीत आता असं लिहिलेलं आहे की काडतुसं जुन्या पेटीतली होती, वाटण्यापूर्वी चाचणी घेतली नाही, जबाबदारी माझी. खाली माझी सही आहे. मुलीला उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. एवढं वाचून तुम्ही "हां" म्हणाल, म्हणून पुढचंही सांगते. त्या जागी मी आधी तिचं नाव आणि 'पकड सैल' एवढंच लिहिलं होतं. तेही खोटं नव्हतं, उस्ताद. सकाळी दहाला लिहिलं, वही मिटली, डबा उघडला, सगळ्यांबरोबर हसत जेवले, आणि दुपारी तीनपर्यंत ते तसंच होतं.